वाळीत टाकलेली होडी

माझे सासरे फार चांगले होते, असं आता गावात सगळेच म्हणतात. माणूस मेला की चांगला होतो, हा आमच्याकडचा रिवाज आहे. ते जिवंत असताना याच लोकांनी त्यांना वाळीत टाकलं होतं, आणि त्यांच्याबरोबर मला आणि माझ्या पाळण्यातल्या मुलीलाही. तेव्हा त्यांना चांगलं म्हणणारं कुणी नव्हतं. मीही म्हणत नव्हते. माझा राग गावावर होता आणि तितकाच सासऱ्यांवर होता, आणि इतक्या वर्षांत तो फारसा निवला आहे असं नाही. म्हणूनच लिहायला बसले आहे. गोड आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत.

एकोणीसशे तीस साल उजाडायला तेव्हा एखाद-दोन वर्षं होती. माझं माहेर रत्नागिरीच्या बंदराजवळचं. वडील सरकारी होडीवर वल्ही मारायचे, त्यामुळे मला मराठी चौथीपर्यंत शाळा मिळाली. लग्न होऊन मी पूर्णगडच्या खाडीजवळच्या एका लहानशा खारवीवाड्यात आले. नवरा मोठ्या आगबोटीवर खलाशी होता. एकदा गेला की दोन-दोन वर्षं त्याचं तोंड दिसत नसे. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात मी, वर्षाची मुलगी आणि सासरे. सासरे दिवसभरात मोजून चार शब्द बोलत, त्यातले दोन मीठ कमी पडल्याबद्दल असत.

आमचं गाव रापणीवर जगायचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते कुणा एकाच्या मालकीचं नसतं. प्रत्येक घराचा आपला एक तुकडा असतो. हंगाम सुरू झाला की सगळ्या घरांचे तुकडे एकाला एक शिवून एक जाळं करायचं, होडीतून ते समुद्रात गोल टाकून आणायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावाने ओढायचे. ज्याचा तुकडा त्याला वाटा, दोर ओढणाऱ्याला वाटा, ज्या बाईला कुणी नाही तिला नुसता दोराला हात लावल्याचा वाटा. बाहेरच्या माणसाला हे ऐकून भरून येतं. लग्न ठरलं तेव्हा मलाही आलं होतं. आत राहून बघा म्हणावं. ज्या सुतळीने गाव एकत्र शिवलेलं असतं, त्याच सुतळीने एखाद्याचा गळाही आवळता येतो.

सासऱ्यांचं काम वेगळं होतं. ते दोर ओढत नसत. गावामागच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, टोकाला, जिथे जांभा दगड समुद्रावर झुकलेला आहे तिथे, ते सकाळपासून बसून राहत आणि पाणी बघत. तारलीचा किंवा बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग बदलतो. तो त्यांना दिसला की ते उठून, थवा ज्या बाजूला असेल त्या बाजूला, डोक्याचं तांबडं मुंडासं हलवत. मुंडासं हललं की गाव हातातलं काम टाकून धावायचं. नाही हललं की गाव जाळी सांधत बसायचं. त्यांचे वडीलही हेच करत, आजाही हेच करत. समुद्राची किल्लीच म्हणा ना, ती त्या एका चिंधीत होती, आणि गावाने ती विश्वासाने दिलेली होती.

त्या वर्षी पावसाळा लांबला. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला, जाळी शिवली, आणि मासाच येईना. आश्विन लागला तरी रापणीत म्हणण्यासारखं काही लागलं नव्हतं. घरोघरचा तांदूळ संपत आला. आमच्याकडे भाताची जमीन कुणाला नाही. भात यायचा तो वरच्या आळीतल्या बागाईतदाराकडून, आणि तो द्यायचा तारलीच्या बदल्यात. त्याला तारली खायला नको असायची. माडाच्या आणि कलमांच्या मुळात खत म्हणून पुरायला हवी असायची. मोठी असो, लहान असो, त्याच्या गाडीवानाला फरक पडत नसे. गाडी भरून मासळी वर जायची आणि त्याबदली भात खाली यायचा. मी रोज पेजेत पाणी वाढवत होते. मुलीने ती तोंडातून बाहेर काढली की सासरे भिंतीकडे बघत.

मग एका दुपारी गावातले दोघे जण लहान होडीतून पूर्णगडाहून परत येत होते. आमच्या किनाऱ्यासमोर आल्यावर त्यांच्या वल्ह्यांना मासा लागायला लागला. थवा इतका दाट होता की मासे उडून होडीत पडत होते. दोघांनी वर सड्याकडे बघितलं. सासरे तिथेच बसले होते. मुंडासं डोक्यावर होतं. त्यांनी खालून हाका मारल्या, हात केले. सासऱ्यांनी मान फिरवली आणि पान लावायला घेतलं. थवा निघून गेला.

त्याच संध्याकाळी देवळाच्या पडवीत गावकी बसली. गावकीचा मुख्य तो गावकर, आणि आमचे गावकर म्हणजे सासऱ्यांचे चुलत भाऊ. दोघे लहानपणी एका ताटात जेवलेले. आम्ही बायका पायरीखाली उभ्या होतो. मला वाटत होतं, सासऱ्यांचा डोळा लागला असेल, वय झालं. ते तसं म्हणतील, चार लोक चिडतील आणि संपेल.

गावकरांनी विचारलं, "तू थवा बघितलंस काय नाय?"

"बघितलंय," सासरे म्हणाले.

"मंग मुंडासा का हलवलंस नाय?"

"पोरां होती ती. बोटाएवडी. माडाच्या मुळात पुरूक धरायची काय?"

"माडाच्या मुळात पुरली, तर माज्या नातवांच्या ताटात भात पडतो."

"पौस म्हयन्यापर्यंत तीच पोरां वितीएवडी व्हतील. तवा धरू. माज्या लानपनी काय वर्सं तारली आलीच नवती. माजा बा सांगायचा, आदली दोन-तीन वर्सं पोरां उपसली होती म्हनून."

"आनि माजा बा सांगायचा, देवाचा कोप झाला म्हनून. दोघांचे बा मेले. आता कुनाला इचारायचा?" गावकर म्हणाले. "पौसापर्यंत गावान काय खायाचा, तुजा मुंडासा?"

लोक हसले. मला हसू आलं नाही, पण प्रश्न चोख होता. मग कुणीतरी मागून विचारलं, ह्या हंगामात असं किती वेळा झालं. सासरे म्हणाले, "आटवत नाय." म्हणजे पुष्कळ वेळा. तिथे माझ्या अंगाची आग झाली. मी शेजारणीच्या दारात पदर पसरून मूठभर तांदूळ आणत होते, आणि हा माणूस वर बसून गाड्याच्या गाड्या भात समुद्रात सोडून देत होता. घरी येऊन मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आमच्या म्हाताऱ्याने माशाशी सोयरीक केली आणि माणसांशी वैर घेतलं.

गावकीने आम्हाला वाळीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रापणीतून आमचा तुकडा उसवून आणला आणि आमच्या अंगणात फेकला. ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळून तांबडा केलेला तो तुकडा मी उचलून पडवीच्या खुंटीला लावला. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नेहमीसारखे सड्यावर निघाले, तर वाटेत गावकरांचा धाकटा मुलगा आडवा उभा राहिला. ते परत आले आणि पायरीवर बसले. त्या दिवसापासून सड्यावर गावकरांचा मुलगा बसू लागला. त्याला समुद्राचं काही कळत नव्हतं. ढगाची सावली दिसली तरी तो मुंडासं हलवायचा.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळत नाही. आमच्या चुलीला कुणी विस्तव द्यायचा नाही. आमच्याशी कुणी बोलायचं नाही. आमच्या हातची मासळी कुणी घ्यायची नाही. मी सुकट घेऊन बाजाराला निघाले की खाडी ओलांडायच्या तरीत बायका माझ्याकडे पाठ करून बसत, आणि मी उतरले की मगच एकमेकींशी बोलू लागत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आमचे तर नात्यातलेच सगळे वासे. गावात शत्रू म्हणून उपरा कुणी नव्हता, त्यामुळे सगळं काम चुलत्या-पुतण्यांनीच मनापासून केलं.

यातून एकच वाट काढली होती, तीही आमच्या शेजारणीने. ती गावकरांची थोरली सून, आणि या आधी माझी जिवाची मैत्रीण. मला तोडायची तिची इच्छा नव्हती आणि गावकी मोडायची हिंमत नव्हती. म्हणून ती आपल्या कोंबडीशी बोलायची. अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणायची, "अगो कोंबडये, आज वारा फिरलाहा, सुकट आत घे." मी सुकट आत घ्यायची. "कोंबडये, पोरीला खोकला झाला तर आडुळसा आमच्या कुंपनाला हाय, न्हेनाऱ्यान न्हेवचा." मी तो आणायची. ती ह्याला उपकार समजत होती. मला त्या कोंबडीचा संताप यायचा. कोंबडीला मान होता, मला नव्हता.

सासऱ्यांशी मी भांडले, ते एकदाच. एका संध्याकाळी पेज वाढताना विचारलं, "मामा, तुमची नात मोठी का तारलीची पोरं?" ते म्हणाले, "नात मोठी. म्हनून तर." एवढंच. मी वाटी आदळली. असल्या उत्तराने पोट भरत नाही.

पौष आला. आणि तारली आली. मोठी, वितीएवढी, चरबीने फुगलेली. सासरे म्हणाले होते ते खरं झालं. फक्त ती आमच्या किनाऱ्याला आली नाही. खाली दक्षिणेकडच्या एका गावाच्या रापणीत ती सगळीच्या सगळी लागली. त्या लोकांनी ताजी खाल्ली, खारवली, तेल काढलं, आणि उरलेली वरच्या बागांना दिली. आमची माणसं तिथे दुसऱ्याचे दोर ओढायला गेली. म्हणजे उपास आम्ही केला आणि पारणं त्यांनी सोडलं. समुद्राला गावाची वेस नसते, हे ज्या माणसाने जन्मभर समुद्र बघितला त्याला कळू नये, याचा मला राग येतो. गावालाही आला. पौषापर्यंत जे नुसते बोलत नव्हते, ते आता आमच्या दारावरून जाताना थुंकायला लागले.

त्यानंतर सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीवर होतं. माझंही. ती म्हणजे आमची होडी.

होडी मोठी होती. वल्ह्याच्या दोन जोड्यांची, फणसाच्या लाकडाची, आजेसासऱ्यांनी बांधून घेतलेली. नवरा कधी ना कधी आगबोट सोडून येईल आणि ही होडी चालवील, एवढ्या आशेवर मी त्या घरात दिवस काढत होते. रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्याकडे सगळ्या होड्या ओढून किनाऱ्यावर माडांच्या रांगेत चढवतात आणि वर झावळ्यांच्या झापांचं छप्पर घालून पावसाळाभर शाकारून ठेवतात. मृगाचं पहिलं वादळ आलं तेव्हा जी होडी पाण्यात असेल ती गेली. आणि एवढी होडी एका घराला चढवता येत नाही. त्याला गाव लागतं. होडीखाली माडाचे ओंडके टाकायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं, दोन्ही बाजूंनी पुरुषांनी दोर धरायचे, आणि मागचे ओंडके बायकांनी उचलून पुढे आणून टाकायचे. वाळीत टाकलेल्या घराच्या होडीला कोण हात लावणार? गाव करी ते राव ना करी म्हणतात. गावाने नुसते हात बांधून उभं राहायचं ठरवलं की रावाची होडीसुद्धा बुडते.

एकेक होडी वर चढली. आमची पाण्यात डुलत राहिली. शेजारीण कोंबडीला म्हणाली, "कोंबडये, काल गावकी बसली होती गो. त्यांच्या होडयेला हात लावायचा नाय असा ठरला." मी सासऱ्यांना सांगितलं आणि म्हटलं, "जा, मामा. पाय धरा भावाचे. माफी मागा." ते उठले. मला वाटलं, गेले. ते किनाऱ्यावर गेले, एकटेच होडीत चढले, नांगर उचलला आणि होडी वल्हवत घेऊन आले ती थेट गावासमोर. जिथे रापण ओढली जाते त्या सपाट वाळूच्या बरोबर मधे, कमरेएवढ्या पाण्यात, त्यांनी नांगर टाकला. मग पाण्यातून चालत बाहेर आले, धोतर पिळलं आणि घरी येऊन पेज मागितली.

मला काही कळलं नाही. गावाला मात्र लगेच कळलं. आमच्या किनाऱ्याच्या उत्तरेच्या टोकाला पूर्वी कधीतरी एका व्यापाऱ्याचं गलबत फुटलं होतं. त्याच्या फळ्या आणि खिळे वाळूत असे रुतले होते की तिथे जाळं टाकलं की फाटूनच यायचं. त्या टोकाला कित्येक वर्षांत कुणी रापण ओढली नव्हती. आता वादळात आमची होडी फुटली असती तर ती बरोबर उरलेल्या वाळूत रुतली असती. खिळ्यासकट. पुढच्या कित्येक हंगामांत गावाची रापण फाटली असती. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसले. ते हसले नाहीत.

तरी गावाने दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून आभाळ काळं झालं आणि लाटा होडीच्या काठावरून आत पडू लागल्या. तेव्हा गावकर घरातून बाहेर पडले. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. त्यांच्या मागून एकेक जण आला. दोर आले, ओंडके आले. आमच्याकडे कुणी बघितलं नाही. आम्ही जणू तिथे नव्हतोच. एक बेवारशी होडी किनाऱ्याला लागली आहे आणि ती बाजूला करायची आहे, असा सगळ्यांचा चेहरा. सासरे होडीच्या कुशीला खांदा लावून उभे राहिले, ती कलू नये म्हणून.

ओढणं सुरू झालं आणि लगेच कळलं की हे व्हायचं नाही. होडी ओढायची तर कुणीतरी आरोळी द्यावी लागते. देवळात गावकर गाऱ्हाणं घालतो आणि गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं, तसंच होडीलाही असतं. गावकर एक ओळ म्हणतो, सगळे "हैस्सा" म्हणतात आणि त्या हैस्साला सगळ्यांचा जोर एकदम लागतो. आता गावकर आरोळी कुणाच्या होडीला देणार? वाळीतल्या घरासाठी तोंड उघडायचं नाही, हा त्यांचाच हुकूम. ते दातावर दात धरून गप्प दोर ओढत होते. उजवीकडचे ओढत तेव्हा डावीकडचे दम घेत. होडी वीतभर वर यायची, हातभर मागे जायची. एका लाटेने ती उचलली, ओंडक्यावरून घसरली आणि सासऱ्यांच्या बाजूला कलली. त्यांचे गुडघे वाळूत रुतलेले मला दिसले. अजून एक लाट आली असती तर होडी त्यांच्यावर पडली असती. आणि सगळं गाव मुक्याने दोर धरून उभं होतं.

मी हातातला ओंडका टाकला. बायकांनी आरोळी द्यायची नसते. त्या दिवशी जे जे नसतं ते सगळं होऊन गेलं होतं. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण देवाचं नाव आलं नाही. आश्विनापासून जे गिळलं होतं तेच आलं.

"इस्तव नाय देनाऱ्यांच्या चुली इजू देत रे."

कुणी हैस्सा म्हटलं नाही. दोर ढिले पडले. सगळे माझ्याकडे बघू लागले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"तरीत पाठ करून बसनाऱ्यांच्या पाठीत उसन भरू दे रे."

कुठेतरी एक पोरगा फिसकन हसला. हैस्सा नाही. पाण्याचा आवाज मात्र जवळ आला. मी शेजारणीकडे बघितलं.

"कोंबडीशी बोलनारीची जीभ झडू दे गो."

"हैस्सा," शेजारीण म्हणाली. बायकांच्या रांगेतून, स्पष्ट. ती डोळे मिटून म्हणाली, पण म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या हातांनी, त्याला न विचारता, दोराला हिसका दिला. होडी सरळ झाली.

मग मला थांबवणारं कुणी नव्हतं. कुणाच्या दारावर काय झालं होतं ते मला सगळं पाठ होतं. दारावर थुंकणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडू दे. हैस्सा. ढगाच्या सावलीला तारली म्हणणाऱ्याच्या डोळ्यात वडस येऊ दे. हैस्सा, गावकरांचा धाकटा मुलगाही ओरडला, आणि त्याच्यावर सगळे दात काढून हसले. एकेका घराला एकेक शिवी आणि एकेका शिवीला एकेक ओंडका. ज्याला शिवी बसायची तोही हैस्सा म्हणायचा, कारण दोर हातात असताना एकट्याने गप्प राहता येत नाही. मी गावकरांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "भावाचा जाळा उसवनाऱ्याच्या धोतराच्या निऱ्या सुटू देत रे." त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी एकदा कमरेला हात लावून बघितला, आणि सगळ्यांच्या बरोबर म्हणाले, "हैस्सा."

होडी माडांच्या रांगेजवळ आली होती. शेवटचा चढ उरला होता. माणसं दमली होती, आणि माझ्याजवळ शिव्या द्यायला घर उरलं नव्हतं. एकच उरलं होतं.

"नातीची पेज माशांच्या पोरांस्नी पाजनाऱ्याला," मी म्हटलं, "साती जल्म माज्यासारकी सून मिळू दे रे."

एवढा मोठा हैस्सा त्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेलाही कुणी ऐकला नसेल. आणि त्यात, होडीच्या कुशीला खांदा लावलेल्या म्हाताऱ्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. होडी एका दमात चढली.

दोर गुंडाळले गेले. सगळ्यांना आठवलं की आपण बोलत नसतो. माणसं पाठ फिरवून निघाली. गावकर मात्र होडीपाशी थांबले. सासरे दुसऱ्या बाजूला टेकून उभे होते. गावकरांनी होडीवर हात ठेवला आणि होडीला म्हणाले, "होडये, तुज्या धन्याला सांग, नारळी पुनवेला जाळ्याचा तुकडा घेवन येवचा. गावची रापन आकूड पडतेहा."

सासऱ्यांनी धोतराला लागलेली वाळू झटकली. मग तेही होडीलाच म्हणाले, "होडये, गावकराला सांग, मी येन. सड्यावर बसन. पन पोरां दिसली तर मुंडासा हलवनार नाय."

"नको हलवू म्हनाव," गावकर होडीला म्हणाले. "मी शेजारी बसन. मी हलवीन."

मी मधे उभी होते. माझा घसा बसला होता, नाहीतर दोघांनाही आणखी एकेक दिली असती.

त्या वर्षी आमचा तुकडा परत रापणीत शिवला गेला. कुणी माफी मागितली नाही, कुणी केली नाही. आश्विनात सड्याच्या टोकाला दोन म्हातारे एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. आणि एका सकाळी थवा आला. खालून आम्हालाही पाणी उसळलेलं दिसत होतं. लहान तारली होती, दाट. सगळं गाव दोर घेऊन उभं राहिलं आणि वर बघू लागलं. गावकर उठले. त्यांनी सासऱ्यांच्या डोक्यावरचं मुंडासं ओढलं. सासऱ्यांनी त्याचं दुसरं टोक धरलं. दोन म्हातारे त्या तांबड्या चिंधीला दोन बाजूंनी ओढत राहिले. मुंडासं हललं का म्हणाल तर हललं, पण उत्तरेला का दक्षिणेला ते कुणाला कळेना. एकदा तर गावकरांनी आपलं टोक सोडलंही, खाली पाण्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा धरलं. तेवढ्यात थवा टोकाला वळसा घालून गेला.

खाली किनाऱ्यावर लोकांनी दोघांचाही उद्धार केला. मी सगळ्यांत मोठ्याने केला. मला आता सवय झाली होती. मग आम्ही दोर गुंडाळले आणि घरी गेलो. त्या दिवशी पेज सगळ्यांच्याच घरी पातळ होती. माझी चूल विझली होती, म्हणून मी करवंटी घेऊन शेजारणीकडे गेले. तिने कोंबडीला बाजूला सारलं आणि मला विस्तव दिला.